बैठकीचं फुकट कार्ड

मला माझ्या कामाची किळस येते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला सज्जन समजायला नको. मी मालवीय नगरातल्या एका एजन्सीत लिहिते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे जयपुरातले प्रॉपर्टी डीलर, विमा सल्लागार आणि म्युच्युअल फंडवाले. या मंडळींना बोलायला भरपूर येतं, लिहायला काही येत नाही. म्हणून त्यांच्या नावानं मी लिहिते. रोज सकाळी सुविचार पाठवते, दिवाळीला गहिवरते, फादर्स डेला त्यांच्या बापाच्या आठवणीनं रडते. एका सल्लागाराचा बाप मी दोनदा मारला, दोन वेगळ्या वर्षी, दोन वेगळ्या आजारांनी. एकाही वाचकाच्या लक्षात आलं नाही. सल्लागाराच्याही नाही, आणि त्याचा बाप तर अजून रोज सकाळी जोहरी बाजारात दुकान उघडतो.

याला आमच्याकडे भरोसा म्हणतात. "नीलिमाजी, प्लॉट नहीं बेचना है, भरोसा बेचना है," असं आमचे मालक कौशिकजी रोजच्या मीटिंगमध्ये सांगतात. कपाळाला टिळा, हातात कांद्याची कचोरी. नेमका तोंडात घास असताना त्यांना भरोसा आठवतो आणि त्याचे तुकडे माझ्या वहीवर उडतात. तीन वर्षं मी ते झटकत आले.

कार्डाची कल्पना मात्र माझी होती. ती कौशिकजींवर ढकलता येणार नाही.

जयपुरात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी 'तीये की बैठक' असते. लोक तासभर पांढऱ्या चादरींवर येऊन बसतात, हात जोडतात, जातात. तिचं कार्ड हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. वर गेलेल्याचा हार घातलेला फोटो, मध्ये वेळ आणि जागा, खाली शोकाकुल परिवार. ज्या घरात चूल पेटलेली नाही तिथे हे कार्ड करत कोण बसणार? एका मीटिंगमध्ये मी सहज बोलून गेले, की ते आपण फुकट करून दिलं तर? खाली बारीक अक्षरात आपल्या सल्लागाराचं नाव घालायचं. कार्ड पाठवायचं म्हणजे घरचे लोक सगळ्या नातेवाइकांचे नंबर आपल्या हातानं देणारच. कौशिकजींनी कचोरी चक्क खाली ठेवली. "कमाल!" म्हणाले. त्या महिन्यात मला माझाच फोटो छापलेला कप मिळाला. मी तो घरी आणला आणि त्यातून चहा प्यायले. तो माझ्या घशाखाली उतरला, हेही सांगून ठेवते.

आम्ही राहतो प्रताप नगरात. माझ्या नवऱ्याच्या, निहारच्या, नोकरीपायी आम्ही सांगलीहून इथे आलो. आमच्या भाड्याच्या घरापासून तिसरं, कोपऱ्यावरचं घर गोपीनाथकाका आणि रमाकाकूंचं. काका मूळचे नागपूरचे, विमा कंपनीत अधिकारी होते. बदलीवर जयपूरला आले, हौसिंग बोर्डाचं घर घेतलं आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. आम्ही नवखे होतो तेव्हा घर शोधून देण्यापासून सिलेंडरवाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं काकांनी केलं. आणि काकूंबद्दल काय सांगू? ऑफिसातून परतताना मी स्कूटर आधी त्यांच्या दाराशी लावायचे, मग माझ्या. त्या भाजी फोडणीला टाकायच्या आणि मी शेजारी उभी राहून दिवसभराची मळमळ बाहेर काढायचे. "मग सोड न ती नोकरी," त्या म्हणायच्या. "कशाला जीव जाळून राहिली गं?" आणि माझ्या हातावर गरम पोळीचा तुकडा ठेवायच्या. माझी आई सांगलीत असून नसल्यासारखी होती आणि या नसून असल्यासारख्या.

मार्चमध्ये गोपीनाथकाका झोपेतच गेले. त्यांचा मुलगा प्रथमेश दुपारच्या विमानानं बंगळुरूहून आला. जन्म आणि शाळा जयपुरातली, त्यामुळे त्याचं मराठी अडखळत चालतं. "नीलिमा, ते कार्ड... मतलब, बैठक का," तो मला म्हणाला. "मला काहीच सुचत नाहीये. तू करशील, प्लीज?"

करते म्हणाले. करायलाच हवं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि माझा डावा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. उजव्या हातानं मी फोनवर ऑफिसचा साचा उघडला, कारण तो हाताशी होता आणि त्यात पाच मिनिटांत काम व्हायचं. प्रथमेशनं काकांच्या फोनमधले सगळे नंबर मला पाठवले. कार्ड नीटनेटकं झालं. बैठकीला पुष्कळ माणसं आली. त्या कार्डाच्या तळाशी 'सौजन्य : रामावतारजी, आपके अपने सलाहकार' अशी ओळ साचा आपोआप घालतो, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. रामावतारजी हे आमचं प्रताप नगरातलं गिऱ्हाईक. विमा विकतात आणि जुनी घरं घेऊन, पाडून, त्या जागी चार मजले चढवतात. मला लाज वाटली. पण एवढ्या दुःखात तळाची ओळ कोण वाचतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कामाला लागले. स्वतःला सोडून द्यायला माणसाला फार काही लागत नाही.

पुढचे अडीच महिने मी रोज काकूंकडे जात होते. मे महिन्यातल्या एका सोमवारी गेले तर त्या कपाट उघडून बसलेल्या. भांडी, चादरी, काकांच्या फायली, सगळ्याचे ढीग लावलेले.

"घर विकून राहिलो आम्ही," त्या म्हणाल्या. "बुधवारी ते रामावतारजी टोकनचे पैसे द्यायला येणार आहेत. मी बंगळुरूला जाते आता, प्रथमेशकडे."

मला धक्काच बसला. "तुम्हाला जायचंय काकू?"

त्यांनी हातातली चादर पुन्हा एकदा घडी केली. ती आधीच घडी केलेली होती. "मला कशाला जायचं असणार गं? तिथे मी बोलू कोणाशी? पस्तीस वर्षं झाली, माझं हिंदी या एका गल्लीलाच समजते. भाजीवाला भैया माझ्यासाठी मेथी बाजूला काढून ठेवते. तिथे विसाव्या मजल्यावर कोण ठेवेल मेथी?" मग चादर ढिगावर ठेवत म्हणाल्या, "पण पोराच्या जिवाला घोर आहे न. तो बोलत नाही. मला तर कळलंच नसतं, हे वाचलं नसतं तर."

आणि त्यांनी मला फोन दिला. वर रामावतारजींचा फोटो, एका सुरकुतलेल्या म्हातारीच्या गळ्यात हात टाकलेला. खाली मोठ्या अक्षरात 'बेटा कहता नहीं, भाग ३'. आणि त्याखाली : "बेटा फ़ोन पर पूछता है, खाना खाया? असल में वह पूछना चाहता है, माँ, आज गिरी तो नहीं?"

"किती मनातलं लिहिते हा माणूस," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "प्रथमेश अगदी हेच विचारते न रोज. जेवली का, जेवली का. मी समजायची, साधं विचारून राहिला."

ती ओळ माझी होती. आई सांगलीत न्हाणीघरात पडल्यापासून मी रोज फोनवर जेवलीस का विचारायचे, आणि ते एका दुपारी मी भाग तीनमध्ये घालून टाकलं होतं, कारण भाग तीन रिकामा होता. फोटोतली म्हातारी रामावतारजींची कोणी नव्हे. ती विकतच्या फोटोंच्या साइटवरची. तिच्या सुरकुत्या चांगल्या दिसतात म्हणून मीच तिला निवडली होती. काकू त्या म्हातारीकडे बघून पदरानं डोळे पुसत होत्या.

पण खरी भीती पुढेच होती. ही मालिका एकटी जात नाही, जोडीनं जाते. आईच्या फोनवर 'बेटा कहता नहीं', आणि त्याच दिवशी, त्याच वेळेला, मुलाच्या फोनवर 'माँ कहती नहीं'. आईला सांगायचं, की मुलगा तुमच्या काळजीनं पोखरला जातोय. मुलाला सांगायचं, की आई त्या रिकाम्या घरात घाबरून राहते, तुला त्रास नको म्हणून गप्प आहे. दोघांनीही एकमेकांना विचारायचं नाही, कारण दोन्हीकडे भाग पाचमध्ये मी लिहिलं आहे : "पूछिए मत, समझ जाइए." त्या वाक्यावर कौशिकजींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

काकूंना मी तेव्हा काहीच बोलले नाही. ऑफिसात जाऊन थांबवता येईल, मग सांगायची वेळच येणार नाही, असा माझा हिशेब. भित्र्या माणसाचा हिशेब तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ कौशिकजींच्या खोलीत शिरले. "रामावतारजींना सांगा, प्रताप नगरचं कोपऱ्याचं घर सोडा," मी म्हणाले. "ती आमची काकू आहे."

"अरे वाह!" कौशिकजी खुलले. "मतलब आपकी जान-पहचान से आया है?" त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. काकूंच्या घराची नोंद उघडलेली होती. कार्डाबरोबर भरायचा फॉर्म, सगळे रकाने भरलेले, खाली भरणाऱ्याचं नाव : नीलिमा. "इतना कंप्लीट फॉर्म तो कोई भरता ही नहीं. देखिए, एक भी खाना खाली नहीं."

रिकामा कसा असेल? एकही रकाना सोडला तर कार्ड तयारच होऊ नये, अशी सोय मीच करून घेतली होती. लोक कंटाळा करतात, त्यांना सोडू नका, असं मीच सांगितलं होतं. मग गोपीनाथकाका हॉलमध्ये चटईवर असताना मी एकेक रकाना भरत गेले होते, कार्ड पुढे सरकेना म्हणून.

"कौशिकजी, ती बाई घर विकायचं नाही म्हणते."

"पर बेच तो रही हैं," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही दुष्टावा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त तिटकारा आला. "नीलिमाजी, माँ-बेटा एक हो रहे हैं. इससे सुंदर क्या होगा? मैं तो सोच रहा था, बुधवार के बाद आंटीजी का एक छोटा-सा वीडियो ले लें. दो आँसू, एक मुस्कान. आपको तो घर का समझती हैं, आपके सामने खुलकर बोलेंगी." आणि त्यांनी कचोरीची पिशवी माझ्यापुढे सरकवली.

मी बाथरूममध्ये गेले. तोंड धुतलं, आरशात पाहिलं आणि तिथे वाईट दिसणारी बाई पाहून मला तिची अजिबात दया आली नाही. मग बाहेर येऊन मी दोन्ही मालिका आणि तो फॉर्म माझ्या फोनवर घेतला, बॅग उचलली आणि निघाले. टोंक रोडला ऊन नुसतं पेटलं होतं. सांगानेरच्या वळणापर्यंत मी काकूंना सांगायची वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य जाहिरातीसारखं होत होतं. शेवटी नाद सोडला.

"काकू, ते रामावतारजींनी लिहिलेलं नाही," दारातच म्हणाले. "मी लिहिलंय."

त्या हसल्या. "तू? तुला तर या लोकांचा राग. तू कशी लिहिशील?"

मी फोनमधला मजकूर दाखवला. माझी खाडाखोड, माझ्या तारखा, गेल्या वर्षीच्या. मग 'माँ कहती नहीं' उघडून दिली. ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. चष्मा लावून, ओठ हलवत, भाग एकपासून सातपर्यंत वाचली. "मी कधी म्हटलं, की मला या घरात भीती वाटते?" त्या म्हणाल्या. "हे त्याला पाठवलं?"

"हो. त्याला हे आणि तुम्हाला ते. तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात का एकदा तरी?"

त्या लगेच प्रथमेशला व्हिडिओ कॉल लावायला लागल्या. तो ऑफिसातच होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा.

"प्रथमेश, खरं सांग. मी तिथे यावं असं तुला वाटते?"

"मम्मी, मतलब... तुला यायचं आहे ना? तू बोलत नाहीस, पण तुला रात्री एकटीला डर..."

"कोण म्हटलं तुला?"

तो गळ्यातला पट्टा बोटाला गुंडाळायला लागला.

"मला कुठे ठेवणार होतास रे?"

"हॉलमध्ये," तो हळूच म्हणाला. "पार्टिशन लावून. कीर्ती बोलली, आपण मॅनेज करू." कीर्ती त्याची बायको. मग एकदम त्याचा आवाज फुटला. "मम्मी, मला नाही विकायचं ते घर. माझं पण घर आहे ना ते. पापा गेले, आता घर पण... मी कसं बोलणार होतो? तू एकटी घाबरतेस आणि मी घर-घर करत बसू?"

काकू रडायला लागल्या आणि हसायलाही. "येडा आहेस का रे? मी इथे मजेत आहे. मला तर वाटलं, तुझ्या डोक्यावर ओझं झालं माझं." दोघं मिळून किती वेळ तेच तेच बोलत होते. मधूनच काकूंनी कपाटातून काढलेल्या ढिगाकडे बघून कपाळावर हात मारला. टोकन घ्यायचं नाही, असं ठरलं. रामावतारजींना प्रथमेश स्वतः फोन करणार होता. घर वाचलं. मला वाटलं, आता मला थोडा श्वास घ्यायला हरकत नाही.

"पण मम्मी," प्रथमेश म्हणाला, "ह्या लोकांना कसं कळलं? पापा गेले, मी बाहेर राहतो, घर आपलं आहे, सब कुछ?"

"मी सांगितलं," मी फोनसमोर येऊन म्हणाले. "कार्ड केलं तेव्हा. त्याच्याबरोबर एक फॉर्म भरावा लागतो."

"उसी दिन?" त्यानं विचारलं. "पापा घरात होते तेव्हा?"

"हो."

त्यानं फोन बंद केला.

काकूंनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "वाचून दाखव तो फॉर्म."

"नको काकू."

"वाच."

मी वाचला. मृताचं नाव, वय. घर स्वतःचं, कोपऱ्याचं, दोन्हीकडून रस्ता. मुलगा एक, परगावी, महिन्याला येत नाही. घरात मागे कोण : पत्नी, वय अडुसष्ट. शेवटच्या रकान्यापाशी मी थांबले. त्या वाट बघत होत्या.

"जवळपास आधाराला कोणी आहे का?" मी वाचलं. "कोणी नाही."

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "हे तू लिहिलंस. तेव्हा तू माझ्याजवळच बसली होतीस न? माझ्या हातात हात होता तुझा."

"काकू, तिथे 'आहे' लिहिलं की त्या माणसाचं नाव आणि नंबर द्यावा लागतो." मला आता खोटं सुचतही नव्हतं. "मला माझा नंबर द्यावा लागला असता. आणि त्या यादीत नंबर गेला की काय होतं, हे मला माहीत होतं."

आपण काय बोललो ते माझ्या कानांनी माझ्याआधी ऐकलं. ताटात काही निघालं तर माणूस जसं पाहतो, तसं काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या रागावल्या नाहीत. उठल्या, माझी बॅग खुर्चीवरून उचलून माझ्या हातात दिली आणि दारापर्यंत माझ्यामागे आल्या.

"काकू, मी तो रकाना बदलते. आत्ता बदलते."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर लिहिलंस तू." आणि जाळीच्या दाराला आतून कडी घातली.